बहुतेक म्हणजे किती अंश?

बाईंसमोर ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हणालं, “बाई, पॅक बहुतेक थंड झालाय,” की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे बघायच्या आणि अगदी शांतपणे विचारायच्या, “बहुतेक म्हणजे किती अंश?” आकडा मिळेपर्यंत नजर हलायची नाही. माणूस मुकाट्यानं मीटर आणायला जायचा.

आमचा कारखाना म्हणजे कात्रजच्या पुढे, आंबेगावच्या अंगाला उभी केलेली एक पत्र्याची शेड. तिथे आम्ही इलेक्ट्रिक स्कूटरसाठी लिथियम-आयन बॅटरीचे पॅक जोडायचो. सेल बाहेरून यायचे, चपटे आणि चंदेरी, फरसाणाच्या पाकिटासारखे. ते ओळीनं रचायचे, तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडून बोल्ट आवळायचे, मध्ये मध्ये तापमानाचे सेन्सर बसवायचे आणि सगळं एका पेटीत बंद करायचं. त्या पेटीच्या आत काय चाललंय त्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायचं काम माझं. मी मूळचा अमरावतीचा. हिंजवडीत आठ वर्षं परदेशी बँकांचे प्रोग्रॅम लिहून कंटाळलो होतो. हातात धरता येईल असं काहीतरी करावं म्हणून इथे आलो.

कारखाना दादांचा. आंबेगावची त्यांची पिढीजात शेती. शहर चालत चालत त्यांच्या बांधापर्यंत आलं तेव्हा वडिलांनी बरीचशी जमीन बिल्डरला दिली. एका भावानं मंगल कार्यालय काढलं, दुसऱ्यानं हॉटेल, आणि दादांनी बॅटऱ्या. उत्साही माणूस. सकाळी आले की शेडभर फिरून प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारायचे. बाईंच्या पाठीवर मात्र कधी मारली नाही.

बाई तेव्हा साठीच्या आसपास होत्या. शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि बस बदलून आंबेगावला यायच्या. तीस वर्षं त्यांनी एका जुन्या कंपनीत शिशाच्या बॅटऱ्यांची तपासणी केली होती. निवृत्तीनंतर दादांनी त्यांना शोधून आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी शेडच्या दारात लोणच्याची एक रिकामी प्लॅस्टिकची बरणी ठेवली आणि वर आपल्या वळणदार अक्षरात पाटी लावली : ‘अंगठ्या, चेन, कडी, घड्याळे इथे काढून ठेवावीत. बॅटरीला सोन्याची किंमत कळत नाही.’ धातू बॅटरीच्या दोन टोकांना टेकला की भडका उडतो हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं. बाई आम्हाला ते रोज बरणीतून शिकवायच्या. दादांच्या गळ्यात बोटाएवढी जाड चेन असायची. तीही रोज बरणीत जायची. स्वतः बाई सुती साडीशिवाय दुसरं काही नेसायच्या नाहीत. “पेटलं तर सुती कापड जळतं. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं,” असं त्यांनी एका नव्या इंजिनिअर मुलीला इतक्या सहज सांगितलं की ती दुसऱ्या दिवसापासून सुती कुडत्यात येऊ लागली.

सकाळी आल्यावर त्या प्रत्येक पॅकवर उजव्या हाताची पाठ टेकवत जायच्या. तळहात कधीच नाही. अंदाजानं आकडा वहीत लिहायचा आणि मग शेजारी मीटरचा आकडा. दोन्हींत एखाद्या अंशाचाच फरक पडायचा. मला ती गंमत वाटे. आत इतके सेन्सर असलेल्या पॅकला हात लावून काय कळणार होतं? एकदा मी म्हणालो, “बाई, बॅटरीचा स्वभाव तुम्हाला नुसत्या स्पर्शानं कळतो म्हणायचा.”

“बॅटरीला स्वभाव नसतो,” त्या म्हणाल्या. “स्वभाव आपल्याला असतो. म्हणून तपासायचं.”

जेवायला त्या शेडबाहेर बसायच्या, पण तोंड दाराकडे. ऊन अंगावर आलं तरी खुर्ची फिरवायच्या नाहीत. कुठल्या इमारतीत पॅक न्यायचा झाला तर लिफ्टमधून जायच्या नाहीत, कुणाला जाऊ द्यायच्या नाहीत. शेडच्या चार कोपऱ्यांत वाळूच्या बादल्या होत्या आणि दर सोमवारी त्या वाळूत हात घालून ती कोरडी आहे ना ते बघायच्या. आमच्यात एक समज होता की जुन्या कंपनीत मोठा अपघात झाला असणार, कुणीतरी भाजलं असणार, म्हणून बाई अशा झाल्या. एकदा चहा पिताना मी धीर करून विचारलं. बाईंनी कप खाली ठेवला.

“सगळ्यांना असंच वाटतं, माझं काहीतरी जळलंय म्हणून मी अशी. काही जळलं नाही हो. तीस वर्षांत एकदाही नाही. मी अशी आहे म्हणून.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण सतत सावध असलेल्या माणसाबरोबर काम करणं फार अवघड असतं. काहीच घडत नाही, आणि घडत नाही म्हणून त्याचा सावधपणा दिवसेंदिवस खोटा वाटायला लागतो.

कोथरूडचा प्रसंग त्यातूनच झाला. एका शनिवारी स्कूटरचा नवा पॅक मी तपासायला घरी नेला. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दाराशेजारी, चपलांच्या रॅकजवळ पॅक चार्जिंगला लावला. रविवारी दुपारी बाईंचा कामासाठी फोन आला तेव्हा मी सहज बोलून गेलो. “आपलं मूल कुठे आहे?” त्यांनी विचारलं. “आत झोपलंय,” मी म्हणालो. फोन कट झाला.

पाऊण तासानं बेल वाजली. बायकोनं दार उघडलं. बाहेर घामाघूम झालेल्या बाई.

“आपण मला ओळखत नाही,” त्या बायकोला म्हणाल्या. “मी यांच्या कारखान्यातली. बाळाला घ्या आणि खाली जा. चप्पल नंतर शोधा.”

बायको घाबरून मुलाला उचलून अनवाणी खाली गेली. शेजारचे बाहेर आले. बाईंनी चार्जरचं बटण बंद केलं, पिन काढली आणि मला पॅक उचलायला लावून स्वतः माझ्या पुढे जिना उतरल्या, प्रत्येक मजल्यावर “दारं लावून घ्या, बाजूला व्हा,” म्हणत. पॅक पार्किंगच्या पलीकडे मोकळ्या जागेत ठेवला. सोसायटीच्या वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेऊन त्या पॅकपासून वीस पावलांवर बसल्या. चार तास. सेक्रेटरी येऊन वाद घालून गेले, मुलांचं क्रिकेट बंद पडलं, बायकोची मान वर होईना. संध्याकाळी बाई उठल्या, पॅकला हाताची पाठ लावली, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाल्या, “ठीक आहे. उद्या टेम्पोतून पाठवा. घरात पुन्हा आणू नका.”

पॅकला काही झालं नव्हतं. होणारही नव्हतं, अशी माझी तेव्हा खात्री होती. पुढे महिनाभर सोसायटीत मला ‘बॉम्बवाले’ म्हणायचे. बायको हसण्यावारी नेत होती, पण मला ते लागलं. त्या दिवसापासून बाईंची प्रत्येक सूचना मला अपमानासारखी वाटू लागली.

त्याच सुमारास दादांना विमानाचं वेड लागलं. दोन माणसं बसतील असं एक हलकं विमान त्यांनी मिळवलं. त्याचं पेट्रोलचं इंजिन काढून मोटर बसवायची आणि आमच्या बॅटरीवर ते उडवायचं. परवानग्यांचे कागद झाले, निवृत्त हवाई दलातले एक कॅप्टन उडवायला तयार झाले. परदेशातून काही पाहुणे बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर कारखाना कुठल्या कुठे गेला असता. दादा म्हणायचे, “स्कूटर काय कुणीबी पळवतं. इमान उडालं पाहिजे.”

विमानाचा पॅक स्कूटरच्या मानानं फार मोठा. उड्डाणाच्या वेळी मोटर एकदम जो करंट ओढते तो आम्ही पूर्वी कधी पाहिला नव्हता. चाचण्या सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी अलार्म वाजला. नऊ नंबरचा सेन्सर. जोरात करंट ओढला की त्याचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा वर उडी मारायचा, अलार्म केकाटायचा आणि चाचणी बंद पडायची. मी सेन्सर बदलला. पुन्हा तेच. वायर बदलली. तेच. बाईंचं म्हणणं, पॅक पूर्ण उघडा. पूर्ण उघडायचा तर दहा-बारा दिवस गेले असते, आणि पाहुणे पुढच्या आठवड्यात यायचे होते.

शेवटी मी ठरवून टाकलं की सेन्सरचं काही खरं नाही, मोटरच्या गोंगाटामुळे तो चुकीचं वाचतोय. आणि सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी घातल्या : एखादा सेन्सर शेजाऱ्यांपेक्षा फार वेगळं सांगू लागला तर तो बिघडलाय असं समजायचं, त्याचा आकडा टाकून द्यायचा आणि त्याच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी दाखवायची. असं करतात. त्यात फार काही जगावेगळं नव्हतं. पण मी ते कुणाला सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या ओळी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सेन्सर नव्हताच. वॉचमनच्या खुर्चीवर बसलेल्या बाई होत्या.

अलार्म थांबला. दादांनी माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली. “बघा बाई, झालं का नाय सरळ?”

बाईंनी पॅकच्या कोपऱ्यावर हाताची पाठ ठेवली. बराच वेळ ठेवली.

“नऊ नंबर काय सांगतोय?” त्यांनी मला विचारलं.

“एकतीस.”

“माझ्या हाताला छत्तीस वाटतंय.”

“हात आहे तो, बाई. थर्मामीटर नाही,” मी म्हणालो. सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानंच. दोघं-तिघं हसले.

“बरोबर,” बाई म्हणाल्या आणि वहीत दोन्ही आकडे लिहिले.

पण उड्डाणाच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. दादांनी समजावलं, आवाज चढवला, हात जोडले. बाई पेनाचं टोपण लावून बसून राहिल्या. “मग सही घेऊ कुनाची?” दादा वैतागून म्हणाले.

“ज्यांच्या स्क्रीनवर एकतीस आहे त्यांची घ्या. फक्त सही करणाऱ्यानं दुसऱ्या सीटवर बसायचं. कॅप्टन एकटेच का जातील?”

पाहुण्यांना विमान दोन माणसांसकट उडताना दाखवायचं होतं. त्याआधी एकदा दोघांनी उडून बघणं भागच होतं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. शेडमधल्या सगळ्यांनीच पाहिलं. मी पेन घेतलं आणि सही केली. हात थरथरला नाही, हे मला चांगलं आठवतं, कारण मला त्याचा अभिमान वाटला होता.

धावपट्टी पुण्यापासून दोन तासांवर होती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एक सरळ काळी पट्टी, आणि एका टोकाला पत्र्याचा आडोसा. आम्ही सकाळी आठला पोचलो. बाई टेम्पोतून वाळूच्या पोत्यांबरोबर आल्या होत्या. गाडीत त्यांना जागा होती, पण पोती कुणीतरी वाटेत उतरवून ठेवील असा त्यांना संशय होता.

कॅप्टन उंच, कमी बोलणारे. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, प्रत्येक सांध्याला हात लावला, आणि मग मला बाजूला घेतलं.

“समजा, वर गेल्यावर बॅटरी तापली. तुमचा अलार्म वाजल्यापासून माझ्या हातात किती वेळ?”

“तीन-चार मिनिटं.”

“उतरायला मला दोन पुरतात. अलार्म वेळेवर वाजेल ना?”

“हो,” मी म्हणालो.

“गुड.” त्यांनी एवढंच विचारलं आणि मला पट्टे बांधायला मदत केली.

बॅटरीची पेटी सीटच्या मागेच होती. माझी पाठ तिला टेकत होती. समोरच्या छोट्या स्क्रीनवर चोवीस आकडे, सगळे हिरवे. कॅप्टननी ब्रेक दाबून धरले आणि मोटर पूर्ण ताकदीनं फिरवायला सुरुवात केली. सुटण्यापूर्वी असं एकदा बघून घेतात. पंखा घोंघावला, विमान जागच्या जागी थरथरू लागलं. बाजूचा ऊस आडवा झाला. स्क्रीनवर नऊ नंबरपुढे तेहतीस. ते तेहतीस नऊ नंबरचे नाहीत, ते आठचे आणि दहाचे आहेत, हे तिथल्या सगळ्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं.

बाई पंखाच्या टोकापलीकडे वही छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, हात हलवला असता, तर मी हट्टानं तसाच बसून राहिलो असतो. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कॅप्टनकडे बघत होत्या.

मी शेजारी वळलो. कॅप्टनच्या कानामागचे केस पांढरे होते. ते तोंडानं काहीतरी मोजत होते. या माणसानं मला एक प्रश्न विचारला होता आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवून तो आता ब्रेक सोडणार होता.

“थांबा!” मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांचा दंड धरला. “थांबा, बंद करा!”

मोटर थांबली. दादा धावत आले. “काय झालं? अलार्म तर वाजला नाय!”

“वाजणार नाही,” मी म्हणालो. “नऊ नंबर मी बंद केलाय.”

“बंद केलाय म्हंजे? हाय की तो जाग्यावर.”

“जागेवर आहे. त्याचं ऐकणं बंद केलंय.”

मी पट्टे सोडून खाली उतरलो, लॅपटॉप उघडला आणि त्या चार ओळी काढून टाकल्या. मोटर थांबून चार मिनिटं झाली होती. तेवीस आकडे तेहतीसच्या आसपास. नऊ नंबर : अठ्ठावन्न. मी बघत असतानाच एकोणसाठ झाले. मग एकसष्ट.

“मेन तोडा,” बाई म्हणाल्या. कॅप्टननी बाहेरूनच मुख्य जोड तोडला. “आता सगळे मागे. वाऱ्याच्या दिशेला नाही, इकडे, या बाजूला.”

त्रेसष्ट. हवेत एक बारीक गोडसर वास आला, नेलपॉलिशसारखा. मला आला आणि मी बाईंकडे पाहिलं. त्यांनाही आला होता. सेलच्या आतला द्रव बाहेर पडू लागला की तसा वास येतो.

दादा मात्र विमानाकडे धावले. “चार बोल्ट हायत फक्त! पॅक बाहेर वढतो, इमान तरी वाचंल!” एक पाय त्यांनी पंखावर टाकला. त्यांची सगळी उमेद त्या विमानात होती, हे आम्हाला दिसत होतं, आणि कुणाचीच त्यांना अडवायची हिंमत होईना.

“ए! उतर खाली!”

तो आवाज बाईंचा आहे हे कळायला मला एक क्षण लागला. दारावरच्या वॉचमनपासून सगळ्यांना अहो-जाहो करणाऱ्या बाई. “उतर म्हणते ना! विमान दुसरं येईल!”

दादांनी पाय खाली घेतला. चेहरा असा झाला होता, जणू शाळेत छडी खाल्लीय. ते मुकाट आमच्यात येऊन उभे राहिले.

आम्ही चाळीस-पन्नास पावलांवर थांबलो. लॅपटॉपवर आकडे येत होते आणि मी मोठ्यानं वाचत होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सहासष्ट. अडुसष्ट. बाईंनी वाळूची पोती फोडून ठेवायला सांगितली होती, पण स्वतःच्या पुढे कुणाला जाऊ देत नव्हत्या. सत्तर. एकाहत्तर. दादा खाली बसले. एकाहत्तर. बराच वेळ एकाहत्तर. उसात कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. मी परत परत तोच आकडा वाचत होतो आणि माझा आवाज मला परका वाटत होता.

सत्तर.

एकोणसत्तर. सदुसष्ट.

“कुणी हलायचं नाही,” बाई म्हणाल्या. “दोन तास.”

आम्ही दोन तास उन्हात उभे राहिलो. कॅप्टन माझ्याजवळ आले. “मघाशी अलार्म वाजला असता?”

“नाही.”

थर्मासमधला चहा त्यांनी सगळ्यांना दिला, माझ्यापुढे कप केला नाही. मला त्यांचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पॅक पूर्ण उघडला. नऊ नंबरच्या सेन्सरखालची तांब्याची पट्टी जांभळी-काळी पडली होती, शेजारच्या सेलचा कोपरा फुगून फाटायला आला होता. पट्टीवरचा बोल्ट बाईंनी दोन बोटांनी फिरवला. तो फिरला. सैल जोड, त्यातून प्रचंड करंट, जोड तापणारच. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. उड्डाणात तो जोड आणखी दहा मिनिटं तापला असता.

बोल्ट आवळल्याची नोंद एका कागदावर असायची. प्रत्येक बोल्टपुढे तपासणाऱ्याची खूण. बाईंनी तो कागद शोधून काढला, बोट खाली खाली नेलं आणि थांबल्या. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या बोल्टपुढे खूण होती. खूण बाईंची होती.

त्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना दाराकडे पाठ करून बसलेलं तेव्हा प्रथमच पाहिलं.

दुपारी त्यांनी माझ्यापुढे हातानं लिहिलेली दोन पानं ठेवली. “टाइप करा.” अहवाल होता. त्यात लिहिलं होतं : हा बोल्ट मी तपासला अशी माझी खूण आहे. मी तो तपासला नव्हता किंवा नीट तपासला नव्हता. आता आठवत नाही. चूक माझी. पुढे माझं नाव, आणि मी सेन्सरचं वाचन कुणाला न सांगता बंद केलं. आणि लगेच पुढचं वाक्य : उड्डाण यांनीच थांबवलं.

“बाई, हे शेवटचं वाक्य काढा,” मी म्हणालो. “मला लाज वाटते.”

“लाज तुमची आहे, वाक्य माझं आहे. राहू द्या.”

“मग बोल्टचं तरी काढू. तो कागद आपण दोघांनीच पाहिलाय.”

त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. डोळे लाल झाले होते. “आपण दोघं म्हणजे कमी झालो का?” त्या म्हणाल्या. “टाइप करा.”

दादांनी अहवाल उभ्यानंच वाचला. “हे पाहुण्यांना धाडलं तर कोन येणार हाय आपल्याकडं? निदान तुमचं नाव तरी काढा, बाई. तपासणीवालीच चुकली म्हणतील.”

“माझं काढलं तर यांचंही काढावं लागेल. आणि मग विमान आपोआप थांबलं असं लिहावं लागेल. पाठवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

दादा कागद घेऊन बाहेर गेले. शेडमागे त्यांचं उरलेलं एक वावर होतं, त्याच्या कडेनं बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. परत आले आणि अहवाल होता तसा पाठवला. पाहुणे आले नाहीत. मला कामावरून काढतील अशी माझी खात्री होती. दादा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी येऊन म्हणाले, “पुन्हा जोडायचा. या टायमाला घाई नाय.”

वर्ष गेलं. पोट स्कूटरवर चालत होतं आणि बाजूला विमानाचा नवा पॅक तयार होत होता. आता प्रत्येक बोल्ट दोघांनी तपासायचा. बाईंनी तपासलेले मी, मी तपासलेले बाई. पहिल्यांदा त्यांच्या खुणेवर पाना लावताना मला चोरी केल्यासारखं झालं. त्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “जोर लावा. मला वाईट वाटत नाही.”

पॅक पूर्ण झाला तेव्हा दादांनी कागद त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

“मग मीच बसते दुसऱ्या सीटवर,” त्या म्हणाल्या.

“काय बाई! ते आपलं तवा बोलन्यात आलं होतं. तुमी कशाला, ह्यो बसंल की.”

“नियम मी केला होता.”

त्याच धावपट्टीवर, तेच कॅप्टन. बाईंनी साडीचा पदर घट्ट खोचला होता आणि निऱ्यांना पिना लावल्या होत्या, प्लॅस्टिकच्या. मी त्यांचे पट्टे बांधत होतो तेव्हा त्या फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहता येत नाही. कठड्यापर्यंत जातच नाही मी. घेरी येते.”

“मग उतरा, बाई. मी बसतो.”

“सही तुमची नाही,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

विमान सुटलं, पट्टीच्या मध्यावर उचललं गेलं आणि उसावरून वर वर गेलं. मोटरला आवाज असा नव्हताच; थोड्या वेळानं आकाशात नुसती एक पांढरी रेघ सरकत होती. दादा काहीतरी ओरडत धावपट्टीवर पळत होते. मी वर पाहिलं नाही. माझ्यापुढे चोवीस आकडे होते आणि त्यांच्यावरून मी नजर काढली नाही. अकरा मिनिटं. माझ्या आयुष्यात तेवढी लांब अकरा मिनिटं दुसरी नाहीत, आधीच्या त्या दोन तासांतलीसुद्धा नाहीत.

चाकं टेकली. विमान आमच्यापर्यंत येऊन थांबलं. कॅप्टननी बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवला आणि मानेनंच दुसऱ्या सीटकडे खूण केली.

बाई तशाच बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. त्यांना पट्ट्याची कडी उघडता येत नव्हती. मी उघडली. त्यांना खाली उतरवलं. पाय जमिनीला लागल्यावर त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी माझा हात धरला. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणाचा हात धरताना पाहिलं नव्हतं. दादा पेढ्यांचा पुडा घेऊन धावत येत होते, त्यांना मी लांबूनच थांबायची खूण केली.

आडोशापर्यंतची वाट फार नव्हती, शंभरेक पावलं असेल. बाईंनी सगळी वाट हात सोडला नाही. मध्येच एकदा फक्त बोलल्या.

“अहो, जरा हळू चाला.”